टीका, पाठभेद आणि तबकडी

विसाव्या शतकाची पहिली पंचाहत्तर वर्षे चित्रपट ही एकदा पाहून मागे टाकण्याची गोष्ट होती. पुस्तक फडताळात राहते, त्याची पाने उलटून मागे जाता येते, समासात टीप लिहिता येते. चित्रपटाची रिळे मात्र वितरकाच्या ताब्यात असत, चित्रगृहातून उतरली की ती दुसऱ्या गावी जात किंवा गोदामात पडून राहत, आणि प्रेक्षकाच्या हाती स्मरणाखेरीज फारसे काही उरत नसे. ही स्थिती पुढच्या तीन दशकांत पालटली. त्या पालटाचा इतिहास सहसा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : बीटामॅक्स, व्हीएचएस, लेझरडिस्क, व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे. प्रस्तुत निबंधाचा विषय त्या यंत्रांच्या आडोशाने वाढलेली एक वेगळी परंपरा हा आहे. मान्यता पावलेल्या जुन्या चित्रपटाची घरगुती आवृत्ती काढताना तिला भाष्य, गाळलेली दृश्ये, निर्मितीची कागदपत्रे, मुलाखती, निराळ्या प्रती असे जे साहित्य जोडले जाते आणि ज्याला बाजारात ‘बोनस फीचर्स’ म्हणतात, त्याला येथे पुरवणी म्हटले आहे. ही पुरवणी चित्रपटधंद्याच्या पोटी जन्मलेली नाही. ती ग्रंथव्यवहारातून आली, आणि जेथे व्हिडिओचा व्यापार ग्रंथसंपादनापासून दूर राहिला तेथे ती नीट रुजली नाही, असे हा इतिहास पाहता म्हणावे लागते.

घरी चित्रपट पाहण्याची सोय व्हिडिओच्या आधीही थोडीफार होती. अमेरिकेत कॅसल फिल्म्स ही कंपनी १९३७ पासून घरगुती प्रक्षेपकांवर चालणारी छोटी रिळे विकत असे. परंतु त्यांत मूळ चित्रपटाचे काही मिनिटांचे सारच असे, संपूर्ण चित्रपट क्वचितच. सोनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये आले तेव्हा ही यंत्रे दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम टिपून ठेवून सवडीने पाहण्यासाठी आहेत, अशीच त्यांची जाहिरात होत होती. मिशिगन राज्यातील आंद्रे ब्ले या उद्योजकाने १९७७ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून पन्नास चित्रपटांचे हक्क मिळवून ते आपल्या मॅग्नेटिक व्हिडिओ या कंपनीतर्फे कॅसेटवर विकायला काढले, आणि भरलेल्या कॅसेटचा धंदा सुरू झाला. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंना प्रारंभी या यंत्राची धास्तीच वाटत होती. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर भरलेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने निकाल सोनीच्या बाजूने लागला. त्यानंतर ज्या यंत्राला कोर्टात खेचले त्याच यंत्रावर स्टुडिओंनी वर्षानुवर्षे पैसा कमावला, हा या धंद्यातला नेहमीचाच विनोद.

कॅसेटने चित्रपट घरात आणला, पण तो वाचण्याजोगा केला नाही. चुंबकीय फीत सरळ रेषेत धावते, हवे ते दृश्य काढण्यासाठी ती पुढे-मागे गुंडाळावी लागते, एका चौकटीवर थांबवली तर चित्र थरथरते आणि फार वेळ थांबवली तर फीत झिजते. पुस्तकात शब्दसूची, तळटीप आणि परिशिष्ट शक्य होते ते पानांना क्रमांक असतात म्हणून. कॅसेटमध्ये असा कोणताच पत्ता नव्हता. तो पत्ता लेझरडिस्कने दिला. एमसीए आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी विकसित केलेली ही तबकडी डिसेंबर १९७८ मध्ये अटलांटा शहरात प्रथम विक्रीस आली. सुमारे तीस सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे लाँग प्ले ध्वनिमुद्रिकेएवढी, आणि आरशासारखी चकचकीत अशी ती होती, व तिच्यावरील माहिती सुईऐवजी लेझर किरणाने वाचली जाई. तिचे दोन प्रकार होते. एकात प्रत्येक बाजूवर तासभराचा चित्रपट मावे. दुसऱ्यात जेमतेम अर्धा तास मावे, परंतु या दुसऱ्या प्रकारात तबकडीच्या एका फेऱ्यात नेमकी एक चौकट बसत असल्याने एका बाजूवरील ५४,००० चौकटींपैकी प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक मिळे, हवी ती चौकट क्षणात काढता येई आणि ती पडद्यावर कितीही वेळ निश्चल धरता येई. दर अर्ध्या तासाने उठून तबकडी उलटण्याचा त्रास सोसला, तर चित्रपटाचे पान उघडून ठेवण्याची सोय प्रथमच झाली होती. शिवाय तबकडीवर आवाजाचे दोन स्वतंत्र मार्ग होते, आणि जुन्या चित्रपटांचा आवाज एकमार्गी असल्यामुळे दुसरा मार्ग रिकामा राहत असे. पुढील सारा इतिहास या रिकाम्या मार्गातून सुरू होतो.

क्रायटेरियन कलेक्शन ही तबकड्यांची माला १९८४ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या संस्थापकांतील रॉबर्ट स्टाइन हा गृहस्थ चित्रपटवितरक नव्हता. इलेक्ट्रॉनिक ग्रंथ कसा असेल या प्रश्नाने त्याला पछाडले होते. त्या प्रश्नावर त्याने एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकासाठी काम केले होते आणि नंतर अटारी या संगणक-खेळांच्या कंपनीतही. त्याच्या व्हॉयेजर कंपनीने पुढे १९८९ मध्ये बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचे रसग्रहण संगणकावर आणले आणि १९९२ मध्ये संगणकाच्या पडद्यावर वाचायची पुस्तके काढली. म्हणजे चित्रपट हा या मंडळींच्या दृष्टीने अनेक संहितांपैकी एक होता. यांत्रिक विद्या आणि संपादकीय हौस यांच्या जोडीला चित्रपटही लागतात, आणि तेथे जेनस फिल्म्स या १९५६ साली स्थापन झालेल्या वितरणसंस्थेशी झालेले सहकार्य कामी आले. बर्गमन, कुरोसावा, फेलिनी यांचे चित्रपट अमेरिकेतील महाविद्यालयांत आणि कलाचित्रगृहांत पोहोचवण्याचे काम जेनस करीत होती, त्यामुळे तिच्याजवळ पाठ्यपुस्तकांत शोभावी अशी यादी तयारच होती.

मालेची पहिली तबकडी ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’ची आणि दुसरी १९३३ च्या ‘किंग काँग’ची होती. ‘केन’सोबत चित्रपटाच्या निर्मितीवरील सचित्र निबंध निश्चल चौकटींच्या रूपाने दिला होता, जो वाचकाने आपल्या गतीने एकेक चौकट पुढे सरकवत वाचायचा. ‘किंग काँग’मध्ये त्याहून मोलाची गोष्ट घडली. लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयातील चित्रपट विभागाचे अभिरक्षक रोनाल्ड हेव्हर हे या चित्रपटाचे गाढे जाणकार होते, आणि १९५४ च्या ‘अ स्टार इज बॉर्न’च्या हरवलेल्या भागांचा शोध घेऊन त्याची पुनर्बांधणी केल्याबद्दल ते नुकतेच प्रसिद्धीस आले होते. चित्रपट फितीवरून तबकडीसाठी उतरवला जात असताना हेव्हर दृश्यागणिक हकिगती सांगत होते, आणि त्या ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी मनात आले की हेच बोलणे रिकाम्या ध्वनिमार्गावर भरावे, असे त्या तबकडीच्या जन्माविषयी सांगितले जाते. चित्रपट शंभर मिनिटांचा होता आणि हेव्हर शंभर मिनिटे बोलले : अमुक दृश्यात माकडाच्या बाहुलीची लव का हलते, तमुक पडदा कशावर रंगवला आहे, कोणता प्रसंग कापला गेला आणि का. श्रवणभाष्य, म्हणजे चित्रपट चालू असताना मूळ संवादांच्या जागी ऐकू येणारे जाणकाराचे बोलणे, या प्रकाराचा आरंभ येथे झाला.

ज्या वाचकाला जुन्या संस्कृत पोथ्यांचा परिचय आहे त्याला ही रचना अपरिचित वाटू नये. त्रिपाठ नावाच्या पोथीत पानाच्या मध्यभागी मूळ श्लोक मोठ्या अक्षरांत आणि त्याच्या वर-खाली बारीक अक्षरांत टीका लिहिलेली असते, जेणेकरून डोळ्याने मूळ सोडू नये आणि अर्थही हातून निसटू नये. लेझरडिस्कवरील भाष्य हे त्रिपाठाचेच श्राव्य रूप आहे, कारण ते मुळाच्या आधी किंवा नंतर येत नाही, मुळासोबतच चालते. मुळावर टीका लिहिता लिहिता स्वतंत्र ग्रंथ उभा करण्याची परंपरा ज्या भाषेत ‘भावार्थदीपिके’पासून सुरू होते तिच्या वाचकाला या प्रकारातील गुणदोषही चटकन ओळखता येतात. चांगला टीकाकार पदच्छेद करतो, संदर्भ देतो, शंका उपस्थित करतो आणि मधूनच मूळ कर्त्याशी मतभेदही नोंदवतो. वाईट टीकाकार जे दिसतच आहे ते पुन्हा सांगतो. ‘सेव्हन सामुराई’वरील मायकेल जेक यांचे भाष्य, जे १९८८ च्या लेझरडिस्कसाठी ध्वनिमुद्रित झाले आणि नंतर डीव्हीडीवरही आले, ते पहिल्या प्रकारात मोडते, आणि ‘राशोमोन’वरील डोनाल्ड रिची यांचेही, जपानी चित्रपटांवर आयुष्य घालवलेल्या रिचींनी त्या वनातील उन्हाच्या तिरिपेबद्दल जे सांगितले आहे ते ऐकताना एखाद्या शास्त्रीबुवांनी पाठ दिल्यासारखे वाटते.

दिग्दर्शकाने स्वतःच्या कृतीवर केलेले भाष्य हा याहून वेगळा आणि अधिक नाजूक प्रकार आहे. मार्टिन स्कॉर्सेसीचे ‘टॅक्सी ड्रायव्हर’वरील भाष्य १९९० च्या तबकडीत आले, आणि त्यानंतर दिग्दर्शकाचे बोलणे हीच पुरवणीची मुख्य ओळख होऊन बसली. अभ्यासकाच्या दृष्टीने या साक्षीचे मोल मोठे असले तरी ती साक्षच असते, निवाडा नव्हे. कर्त्याला आपल्या कृतीतले सगळे दिसतेच असे नाही, आणि जे दिसते ते सगळे तो सांगतोच असेही नाही. सांगितले तर काय होते याचेही उदाहरण लवकरच मिळाले. १९९१ मध्ये क्रायटेरियनने जेम्स बाँडचे पहिले तीन चित्रपट तबकडीवर काढले व त्यांवर दिग्दर्शक टेरेन्स यंग आणि गाय हॅमिल्टन, संकलक पीटर हंट अशा मंडळींना मोकळेपणाने बोलू दिले. तो मोकळेपणा निर्मितीसंस्थेला मानवला नाही आणि तबकड्या बाजारातून परत बोलावण्यात आल्या. ज्या थोड्या विकल्या गेल्या होत्या त्या संग्राहकांच्या चढाओढीचा विषय झाल्या. पुढच्या काळात स्टुडिओंनी काढलेल्या तबकड्यांच्या आरंभी, भाष्यातील मते ज्याची त्याची आहेत आणि त्यांच्याशी कंपनीचा संबंध नाही, अशी पाटी झळकू लागली, यावरून या प्रकाराची धास्ती किती खोल गेली होती हे कळते.

पुरवणीचे दुसरे मोठे कार्य मूळ संहिता शुद्ध राखण्याचे होते. त्या काळातील दूरचित्रवाणी संचाचा पडदा चारास तीन या प्रमाणाचा, म्हणजे जवळजवळ चौकोनी असे, तर १९५३ नंतरचे बरेचसे चित्रपट रुंद पडद्यासाठी चित्रित झालेले होते. कॅसेट काढताना ही रुंद चौकट दोन्ही बाजूंनी छाटून मधला भाग भरपडदा दाखवीत आणि संवाद बोलणारा दुसऱ्या टोकाला असेल तर छाटणीची खिडकी तिकडे सरकवीत. या पद्धतीला ‘पॅन अँड स्कॅन’ म्हणत. सिनेमास्कोप चित्रपटाचा पाचांतील दोन भागांहून अधिक हिस्सा तिच्यात नाहीसा होई, आणि ज्या दृश्यात दोन पात्रांमधले अंतर हाच आशय असेल त्या दृश्याचा अर्थच बदलून जाई. डॉन सीगलच्या ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ची तबकडी काढताना क्रायटेरियनने पूर्ण रुंदी राखून वर व खाली काळ्या पट्ट्या सोडल्या. टपालपेटीच्या फटीसारखे दिसणारे हे ‘लेटरबॉक्स’ चित्र अनेक ग्राहकांना अर्धवट वाटे. पैसे पूर्ण दिले आणि पडदा अर्धा रिकामा, ही तक्रार दुकानदारांनी वर्षानुवर्षे ऐकली, आणि कॅसेटच्या बाजारात वुडी ॲलनसारखा एखादा दिग्दर्शक ‘मॅनहॅटन’बाबत हट्ट धरून बसला तरच पट्ट्या येत. आज संच रुंद झाले आहेत आणि त्या पट्ट्यांचे कुणालाच काही वाटत नाही.

शुद्ध संहिता म्हणजे कोणती, हा प्रश्न याच्या पुढचा होता. मुंबई-पुण्याच्या विद्वज्जगताला तो चांगला ठाऊक आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले, वि. स. सुकथनकर यांनी १९२५ पासून त्याला शास्त्रीय शिस्त लावली, १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली आणि १९६६ मध्ये ते काम पुरे झाले. त्या आवृत्तीत वरच्या भागात सिद्ध केलेला पाठ आणि खाली नाकारलेले पाठभेद दिलेले असतात. प्रक्षिप्त म्हणून काढलेला श्लोकही नष्ट होत नाही, त्याला खालची जागा मिळते, आणि वाचकाला संपादकाचा निर्णय तपासण्याची मुभा राहते. चित्रपटांनाही हस्तलिखितांइतकेच पाठभेद असतात. सीगलच्या चित्रपटाचा आरंभ आणि शेवट स्टुडिओच्या आग्रहामुळे जोडलेला आहे. टेरी गिलियमच्या ‘ब्राझील’ची दिग्दर्शकाने मानलेली प्रत १४२ मिनिटांची आहे, तर युनिव्हर्सलने दूरचित्रवाणीसाठी कातरून गोड शेवट चिकटवलेली प्रत ९४ मिनिटांची. क्रायटेरियनने १९९६ च्या तबकडीसंचात या दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या, आणि त्या ओळीने पाहिल्या की संकलन म्हणजे काय हे समजण्यासाठी दुसऱ्या पाठ्यपुस्तकाची गरज उरत नाही. २००७ मध्ये रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’चा जो संच निघाला त्यात एकाच चित्रपटाच्या पाच प्रती होत्या.

याच्या नेमके उलट उदाहरण ‘स्टार वॉर्स’चे. जॉर्ज लुकसने १९९७ मध्ये आपल्या पहिल्या तीन चित्रपटांत संगणकाने नवी दृश्ये घातली, २००४ च्या डीव्हीडीवर केवळ बदललेल्या प्रतीच दिल्या, आणि रसिकांनी गलका केल्यावर २००६ मध्ये मूळ चित्रपट पुन्हा दिले ते पुरवणी म्हणून, तेही १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या प्रतीवरून. कर्त्याने मुळाला परिशिष्टात ढकलल्याचे इतके ढळढळीत उदाहरण ग्रंथांच्या इतिहासातही शोधावे लागेल.

डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आली. आकाराने बारा सेंटिमीटरची ही तबकडी आठ ध्वनिमार्ग आणि बत्तीस भाषांची उपशीर्षके सामावून घेऊ शकत होती; त्यामुळे लेझरडिस्कच्या काळात काही हजार श्रीमंत शौकिनांपुरती असलेली पुरवणी सर्वसामान्य ग्राहकापर्यंत गेली. या प्रसारात तिचा दर्जा मात्र पातळ झाला. नव्या चित्रपटांच्या तबकड्यांवर पडद्यामागची दृश्ये म्हणून जे येऊ लागले ते पुष्कळदा प्रदर्शनाआधीच तयार केलेले जाहिरातपट असत, ज्यांत प्रत्येक नट प्रत्येक दिग्दर्शकाला द्रष्टा म्हणे. अपवाद होते, २००२ मध्ये निघालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागाच्या विस्तारित आवृत्तीत चार तबकड्या आणि चार वेगवेगळी भाष्ये होती, आणि त्यांतून चिलखत घडवणाऱ्यापासून आवाज मिसळणाऱ्यापर्यंत कारागिरांचा एक सबंध बाजार उलगडत होता. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत चिकाटीचा मान ज्याँ रेन्वारच्या ‘ग्रँड इल्यूजन’च्या आवृत्तीला द्यावा लागतो. क्रायटेरियनने आपल्या डीव्हीडी मालेतील क्रमांक एक या १९३७ च्या चित्रपटासाठी राखून ठेवला होता, पण काम चालू असतानाच मूळ निगेटिव्ह उपलब्ध असल्याचे कळले. ते महायुद्धात जर्मनांनी पॅरिसहून बर्लिनला नेले होते, तेथून ते सोव्हिएत सैन्याबरोबर मॉस्कोला गेले आणि साठच्या दशकात अदलाबदलीत तूलूझच्या चित्रपट-संग्रहालयात येऊन न ओळखता पडून राहिले होते. तयार झालेले काम बाजूला सारून नव्याने सुरुवात केली गेली, आणि क्रमांक एकची तबकडी क्रमांक दोनच्या नंतर, १९९९ मध्ये, बाहेर पडली.

भारतात या साऱ्याचा आरंभ फार आधी झाला होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा पट काढला. त्यात फाळके स्वतः नटांना सूचना देताना आणि फितीवर काम करताना दिसतात. त्याच काळात ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमालाही लिहिली. म्हणजे पडद्यामागचे दृश्य आणि कर्त्याचे भाष्य ही पुरवणीची दोन्ही अंगे एकाच माणसाने पुरवली होती. पी. के. नायर यांच्या खटपटीने पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फाळक्यांचे जे अवशेष जमा झाले त्यांत या पटाचाही काही भाग वाचला आहे.

व्हिडिओचा व्यापार मात्र येथे दुसऱ्याच वाटेने गेला. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्या मागोमाग व्हीसीआर मध्यमवर्गात पसरला, तरी तो विकत घेण्याची ऐपत थोड्यांचीच असल्याने यंत्र आणि तीन कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्याने आणून आळीने मिळून पाहायच्या, हीच सर्वत्र रीत पडली. या धंद्यातील एक अग्रणी संस्था, मुंबईची शेमारू, १९६२ मध्ये पुस्तके भाड्याने देणारे वाचनालय म्हणून सुरू झाली होती आणि १९७९ मध्ये कॅसेटी भाड्याने देऊ लागली. अमेरिकेत व्हिडिओ संपादकाच्या हाती गेला आणि भारतात ग्रंथपालाच्या, असे या योगायोगावरून म्हणता येईल. ग्रंथपाल पुस्तक फिरवतो; त्याची नवी आवृत्ती काढणे हे त्याचे काम नव्हे. त्यात शेमारूचा दोष शोधण्याचे कारण नाही, कारण भाड्याच्या रात्री तीन चित्रपट संपवायचे असलेल्या गिऱ्हाईकाला टीका ऐकायला सवड कुठून असणार?

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या व्हीसीडीने ही वाट आणखी पक्की केली. संगीताच्या सीडीवरच दाबून बसवलेल्या या चित्रप्रकारात चौऱ्याहत्तर मिनिटे मावत, त्यामुळे हिंदी चित्रपटाला दोन किंवा तीन तबकड्या लागत आणि पुरवणीला जागाच उरत नसे. डीव्हीडीने जागा दिली तेव्हा बाजाराने ती स्वस्ताईत भरून टाकली. कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या मोझर बेअर या कंपनीने या व्यवसायात उतरून व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. चोरट्या प्रतींना तोंड देण्याचा तो धाडसी उपाय होता आणि त्याने पुष्कळ जुने चित्रपट खेडोपाडी पोहोचवले, हे मान्य करायला हवे, परंतु चौतीस रुपयांत संशोधन परवडत नाही. एका तबकडीत तीन-तीन चित्रपट कोंबल्याने चित्र अंधूक झाले, आणि पुरवणीच्या नावाखाली गाण्यांची यादी आली. २०१८ मध्ये ही कंपनी अवसायनात गेली. वेगळ्या प्रयत्नांत ‘लगान’चा उल्लेख करावा लागतो. सत्यजित भटकळ यांनी त्या चित्रपटाच्या निर्मितीवर ‘द स्पिरिट ऑफ लगान’ हे पुस्तक आधी लिहिले, जे पॉप्युलर प्रकाशनाने काढले, आणि नंतर ‘चले चलो’ हा अनुबोधपट केला. भारतीय पुरवणीच्या या उत्तम नमुन्याच्या मुळाशीही पुस्तकच असावे, ही गोष्ट प्रस्तुत मताला पोषक आहे.

साधनांची दुर्दशा हे याहून खोलवरचे कारण होते. पुरवणीसाठी पटकथेची हस्तलिखिते, स्थिरचित्रे, सेन्सॉरचे कागद, गाळलेली रिळे लागतात, आणि येथे तर मुख्य चित्रपटाचे निगेटिव्हच हाती लागण्याची मारामार. परिणामी भारतीय चित्रपटांच्या नमुनेदार आवृत्त्या परदेशात निघाल्या. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीची निगेटिव्हे जुलै १९९३ मध्ये लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेत लागलेल्या आगीत होरपळली. ती जळकी रिळे अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने जपून ठेवली, आणि वीस वर्षांनी बोलोन्या येथील लिमाजिने रित्रोव्हाता या प्रयोगशाळेत त्यांना ओलावा देऊन, चिकटलेले थर सोडवून, तुटलेली छिद्रे हाताने जोडून जवळजवळ हजार तासांच्या श्रमांनी त्यांतले वापरण्याजोगे भाग मिळवले गेले. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग अशा रीतीने मूळ निगेटिव्हवरून घेता आला, ‘अपूर संसार’ला दुसऱ्या प्रतींचा आधार घ्यावा लागला. २०१५ मध्ये निघालेल्या संचात या दुरुस्तीची कथाच पुरवणी म्हणून आहे. उदय शंकर यांच्या ‘कल्पना’ची पुण्याच्या संग्रहालयात जपलेली प्रतही अशीच परदेशी जाऊन, दुरुस्त होऊन, २०२२ मध्ये स्कॉर्सेसीच्या पुढाकाराने निघालेल्या विश्वचित्रपट मालेत प्रसिद्ध झाली.

आज तबकडीचा काळ ओसरला आहे. टपालाने डीव्हीडी पाठवण्यासाठी १९९८ मध्ये सुरू झालेल्या नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये ती सेवा बंद केली, आणि ज्या माहितीवाहिनीवरून आता चित्रपट घरी येतो तिच्यावर बहुतेक ठिकाणी चित्रपट संपण्याच्या आत पुढच्या चित्रपटाचे आमंत्रण येते. श्रेयनामावलीही वाचू दिली जात नाही, तेथे भाष्याची गोष्टच सोडा. जुन्या चित्रपटांना वाहिलेली फिल्मस्ट्रक ही सेवा दोन वर्षांत, नोव्हेंबर २०१८ मध्ये, गुंडाळली गेली तेव्हा तिच्यावरील पुरवण्याही प्रेक्षकाच्या हातून गेल्या, कारण त्या त्याच्या फडताळात कधी आल्याच नव्हत्या. क्रायटेरियनने स्वतःची वाहिनी एप्रिल २०१९ मध्ये सुरू केल्यावर त्यांतल्या काही परत दिसू लागल्या.

मराठीपुरते बोलायचे तर पाठभेदांची सर्वांत समृद्ध खाण ‘प्रभात’च्या द्विभाषिक चित्रपटांत आहे. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’ ही जोडपी त्याच नेपथ्यावर, बहुतांशी त्याच नटांनी, दोन भाषांत उभी केली. १९४१ च्या ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ या जोडीत तर भेद विलक्षण आहे : दोन्हींत मुसलमान मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांची, परंतु त्याच्या हिंदू शेजाऱ्याची भूमिका मराठीत केशवराव दाते करतात आणि हिंदीत मझहर खान, म्हणजे एक मुसलमान नट. व्ही. शांताराम यांनी एकच प्रसंग दोन वेगळ्या नटांकडून करून घेताना कॅमेरा कुठे हलवला, थांबा कुठे बदलला, मराठीतला कोणता शब्द हिंदीत गेला नाही, हे दोन्ही पाठ चौकटीला चौकट लावून ताडल्याखेरीज कळणार नाही, आणि ते ताडून, टीपा व भाष्य देऊन, दोन्ही चित्रपट एकत्र प्रसिद्ध करणे हे मराठी विद्यापीठांनी आणि संग्रहालयांनी मिळून अंगावर घ्यावे असे काम आहे. त्यासाठी लागणारी माणसे फार लांबून आणावी लागणार नाहीत. ज्या आवारात हे चित्रपट घडले तेथे आता चित्रपटविद्येची राष्ट्रीय संस्था आहे; ती, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि महाभारताचे पाठभेद जेथे ताडले गेले ते भांडारकर संशोधन मंदिर ही तिन्ही पुण्याच्या एकाच लॉ कॉलेज रस्त्यावर आहेत.